बाळाच्या वाढीची शंका आली तर : चार घरांचं सांगणं

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवात आरतीइतकाच व्याख्यानालाही मान असतो, आणि आपल्या मंडळानं ती रीत सांभाळली आहे. इथं इतिहासावर बोललं जातं, संतसाहित्यावर बोललं जातं, मधुमेह आणि गुडघेदुखीवरही बोललं जातं. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो घराघरात असतो, पण दिवाणखान्यापर्यंत सहसा येत नाही. ज्या बाळाची वाढ इतर मुलांसारखी होत नाही, त्याच्यासाठी मदत कधी आणि कुठं शोधायची, हा तो विषय.

आम्ही म्हणजे चार घरं. एक राजपुऱ्यातलं, एक शनवाऱ्यातलं, एक लालबागचं आणि एक शहापूरचं. चौघांनी मिळून हे लिहिलं आहे, वाचणारा एक आहे. आमच्या मुलांची नावं आम्ही सांगणार नाही. मुलं मोठी होत आहेत. स्वतःबद्दल काय सांगायचं, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. ओळखीपुरतं एवढं सांगतो. पहिल्या घरची मुलगी ३२ व्या आठवड्यात जन्मली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. ती आज आठ वर्षांची आहे आणि वॉकर घेऊन चालते. दुसऱ्या घरच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याला कॉक्लियर इम्प्लांट बसवलं, आता तो तिसरीत आहे आणि भरपूर बोलतो. तिसऱ्या घरचा मुलगा सहा वर्षांचा. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. त्याचे शब्द मोजके आहेत. चौथ्या घरची मुलगी अकरा वर्षांची, तिला डाऊन सिंड्रोम आहे. मघाशी प्रसाद वाटताना तिनंच तुम्हाला ओळ मोडू दिली नाही.

चार मुलं, चार वेगळ्या अवस्था. तरी आम्हा चौघांचं सांगणं एकच निघालं : शंका आली त्याच आठवड्यात विचारायचं, आणि पहिलं दार आपल्याच गावात ठोठवायचं.

आपल्याकडे बाळाबद्दल शंका आली की घरात एक वाक्य हमखास येतं. "अहो, याचे आजोबासुद्धा चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते." किंवा "मुलगे उशिराच बोलतात." किंवा "सातव्या महिन्यातलं बाळ आहे, घेईल भरून." हे सगळं मायेपोटी म्हटलं जातं, सुनेला धीर यावा म्हणून म्हटलं जातं. काही वेळा ते खरंही ठरतं. अडचण एवढीच, की ते कुणाच्या बाबतीत खरं ठरणार आहे, हे घरात बसून कळत नाही. तपासून घेतलं आणि काही निघालं नाही, तर एक दिवस गेला. तपासलं नाही आणि काही असलं, तर वर्ष-दोन वर्षं जातात, आणि ती सगळ्यात मोलाची वर्षं असतात.

ती मोलाची का? दुसऱ्या वर्षापर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चार-पंचमांश होतो. या काळात मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या झपाट्यानं तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळतात. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या कानापर्यंत आवाज पोचलाच नाही, तर मेंदूतला ऐकण्याचा भाग दुसऱ्या कामाला लागतो. मग पाच-सहा वर्षांनी यंत्र बसवलं तरी तेवढा उपयोग होत नाही. म्हणूनच कानाच्या बाबतीत जगभर १-३-६ हा हिशेब सांगतात : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात. जन्मजात वाकड्या पावलाचंही तसंच. बाळ काही आठवड्यांचं असताना पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेलं, तर बहुतेक मुलांचं पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतं. नंतर चार-पाच वर्षांपर्यंत रात्री खास बूट घालावे लागतात, तेवढं चिकाटीनं करायचं.

आता शंका कधी घ्यायची? आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडून ऐकून ऐकून जे पाठ झालं आहे, ते सांगतो. तरुण आई-बाबांनी फोनमध्ये टिपून घेतलं तर बरं.

दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसायला लागतं. तीन महिन्यांपर्यंत नजर माणसामागे फिरते. चार महिन्यांपर्यंत मान धरतं. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं. वर्षापर्यंत नावानं हाक मारली की वळून बघतं, "बाबा-दादा-मामा" असे आवाज जोडतं. सव्वा वर्षाच्या आसपास हवी ती वस्तू बोटानं दाखवतं. सोळा महिन्यांपर्यंत एखाद-दुसरा शब्द, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत "दूध दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची जोडी. यात दोन-चार आठवडे इकडे-तिकडे होतात. पण ठळक उशीर दिसला, तर विचारायचं. बाळ फार ढिलं किंवा फार ताठ वाटतं, मुठी सतत आवळलेल्या असतात, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरतं आणि दुसरा विसरल्यासारखा ठेवतं, तर विचारायचं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि येत असलेली गोष्ट, शब्द असो की हसणं, मूल विसरायला लागलं, तर वय कितीही असो, थांबायचं नाही.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, त्यांचं वय मोजताना जन्मतारखेऐवजी ज्या तारखेला जन्म अपेक्षित होता, ती धरून वाढ बघतात. दुसरी, ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच लवकर जन्मलेल्या बाळांची तर त्याहून आधी. आमच्या पहिल्या घरच्या मुलीची ही तपासणी वेळेवर झाली, कारण कक्षातल्या सिस्टरनं सुट्टीच्या कागदावर तारीख लाल शाईनं लिहून दिली होती. तुमच्या घरी असं बाळ असेल आणि कागदावर ती तारीख नसेल, तर तुम्ही स्वतः विचारा.

कानाबद्दल एक. ताट वाजवलं आणि बाळ दचकलं, म्हणजे ऐकू येतं, असं आपण धरून चालतो. दुसऱ्या घरचा मुलगा ताट वाजलं की वळायचा. तो हाताची हालचाल टिपत होता, जमिनीचा हादरा टिपत होता. बेरा नावाची तपासणी केली, तेव्हा खरं काय ते कळलं. ही तपासणी बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही.

आता दारांबद्दल. २०१३ साली फेब्रुवारीत केंद्र सरकारनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, आणि तो सुरू झाला आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, आजार, पोषणातली उणीव आणि वाढीतला उशीर यांसाठी तपासणी करायची आणि पुढचे उपचार मोफत करायचे, असा तो कार्यक्रम आहे. यातला पहिला दुवा आपल्या वस्तीतली आशा. प्रसूती दवाखान्यात झाली, तर पहिल्या ४२ दिवसांत तिनं सहा वेळा घरी यायचं असतं. पुढं फिरतं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. तिथं शंका आली, की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. हे केंद्र जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचा तपासणारे तज्ज्ञ, मानसोपचाराचे जाणकार, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एका छपराखाली मिळावेत, अशी त्याची रचना आहे. सगळी पदं सगळ्या काळी भरलेली असतात असं नाही, त्यामुळे कोणत्या दिवशी कोण असतं, हे आधी विचारून जावं.

आता जे सांगतो, ते आपल्यासारख्या घरांना लागू आहे. आपल्या घरांतली मुलं अंगणवाडीत जात नाहीत. आशाताई दारात आल्या, तर आपण "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून पाण्याचा पेला देऊन निरोप देतो. मुलं खासगी नर्सरीत जातात, तिथं हे पथक जात नाही. म्हणजे खकनारच्या एखाद्या पाड्यावरचं मूल वर्षातून दोनदा तपासलं जातं, आणि आपल्या वाड्यातलं मूल लसीकरणापुरतं डॉक्टरांना दिसतं. लसीच्या रांगेत डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात. त्यात मूल बोटानं दाखवतं का, हे कसं कळणार? शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कुणीही थेट जाऊ शकतं, चिठ्ठी नसली तरी. लसीच्या कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते पान उघडून आशाताईंसमोर बसा. त्यांना पेलाभर पाण्याऐवजी अर्धा तास द्या.

दुसरी सवय आपल्या गावाच्या जागेमुळे लागली आहे. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, पण आपली सोयरीक, आपले डॉक्टर, आपली वर्तमानपत्रं, सगळं तापीच्या खालच्या अंगाला. इच्छापूर ओलांडलं, की आपण माहेरी आल्यासारखे वागतो. त्यामुळे मुलाबद्दल शंका आली, की पहिला फोन भुसावळ-जळगावला, नाहीतर पुण्याच्या मावशीला. तिथं चांगले तज्ज्ञ आहेत, जरूर दाखवा. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. मदतीच्या राज्य योजना राहत्या राज्याच्या असतात. आपली कागदपत्रं मध्य प्रदेशची, आपला समग्र आयडी इथला. महाराष्ट्राची योजना आपल्याला मिळत नाही आणि इथली योजना आपण विचारलीच नाही, असं होतं. दुसऱ्या घरच्या मुलाचं इम्प्लांट मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून इंदूरला झालं. घरचे लोक तोवर मुंबईचा खर्च जुळवत होते. योजनेची माहिती त्यांना इथल्याच जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर, शेजारी बसलेल्या एका विणकर कुटुंबाकडून मिळाली.

दुसरी गोष्ट अंतराची. थेरपी म्हणजे एकदा दाखवून येण्याचं काम नव्हे. ती आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं चालते. पुण्याचा तज्ज्ञ वर्षातून दोनदा बघेल. मंगळवार-शुक्रवार गावातच काढायचे आहेत. म्हणून मोठ्या शहरात जाताना प्रश्न असा विचारावा : "आम्ही घरी आणि गावात काय करायचं, ते लिहून द्या." मोठा सल्ला हवा असेल, तर भोपाळला सीआरसी नावानं ओळखलं जाणारं केंद्र सरकारचं पुनर्वसन केंद्र आहे. २०२१ च्या जूनमध्ये देशात लहान मुलांसाठी जी १४ सर्वसमावेशक शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली, त्यांतलं एक तिथं आहे. मुंबईत वांद्र्याला कानाच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. जवळ म्हणाल, तर खंडवा आणि जळगाव दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपलं स्टेशन मोठ्या रेल्वेमार्गावर आहे, भोपाळ आणि मुंबई दोन्हीकडे थेट गाडी आहे, ही आपली जमेची बाजू.

निदानाचं नाव मिळेपर्यंत काम थांबवायचं नसतं, हेही सांगायला हवं. लहान वयात निदान पक्कं व्हायला वेळ लागतो. नाव सेरेब्रल पाल्सी निघो की आणखी काही, मान धरत नसलेल्या बाळाला पोटावर झोपवून मान उचलायला लावण्याचा व्यायाम त्या आठवड्यापासून सुरू करता येतो.

आणि खरी थेरपी घरातच होते. तज्ज्ञ आठवड्याला दोन तास देतात, उरलेला आठवडा आपला असतो. पहिल्या घरच्या आजींनी कणकेचा गोळा नातीच्या हातात दिला. आवळलेली मूठ रोज संध्याकाळी पोळ्या होईपर्यंत उघडझाप करू लागली. भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर लावून तिला बसवायचे. भरवताना आडवं न धरता, मान सरळ ठेवून भरवायचे, म्हणजे ठसका लागत नाही. तिसऱ्या घरी मुलाला काही हवं असलं, की दोन वस्तू समोर धरतात, "केळं की बिस्कीट?", आणि मनात दहा आकडे मोजतात. दहा आकडे मोजणं फार अवघड असतं हो! आपल्याला चारलाच राहवत नाही, आपणच देऊन टाकतो. पण त्या दहा आकड्यांत मूल डोळ्यांत बघतं, हात पुढं करतं, कधीतरी आवाज काढतं. चौथ्या घरी मटार सोलणं, रुमालाच्या घड्या घालणं, ताटं मांडणं हे सगळं थेरपीच्या वहीत लिहिलेलं होतं. आज ती मुलगी पंगतीची ताटं मोजून मांडते.

इथं भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या घरांसाठी नाजूक आहे. तिसऱ्या घरच्यांना एका ठिकाणी सांगण्यात आलं, "मुलाचा गोंधळ होतो आहे. घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला." पिढ्यानपिढ्या या गावात राहून ज्या घरानं मराठी टिकवली, त्या घरात आजी गप्प बसू लागल्या. त्यांना हिंदी येते, बाजारापुरती. नातवाला त्या भाषेत गोष्ट सांगता येईना, रागावता येईना, लाडही करता येईनात. मग त्यांनी भोपाळला वाचा-उपचार तज्ज्ञांना विचारलं. उत्तर स्पष्ट मिळालं. स्वमग्न किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर निरनिराळ्या देशांत जे अभ्यास झाले, त्यांत दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा मागे पडल्याचं दिसलेलं नाही. घरच्यांना जी भाषा मनापासून, भरभरून बोलता येते, तीच मुलाला सगळ्यात जास्त मिळते. शाळेत हिंदी येईलच. त्या दिवसापासून आजींना पुन्हा कंठ फुटला. मुलाचा पहिला शब्द आला तो "पाणी". तो मराठी होता की हिंदी, यावर आजी-आजोबांचा वाद अजून मिटलेला नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मोजल्या आहेत, त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि श्रवणदोषही आहेत. प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळाकडून होते. लहान मुलांना बरेचदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपण्याआधी नवं करून घ्यायचं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. ठरावीक दिव्यांगतेसाठी रेल्वेत मुलाला आणि सोबत्याला सवलत असते. नोकरदार पालकांना जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगता तीव्र असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. इथली आर्थिक मदत सामाजिक न्याय विभागाकडे विचारायची. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि एक जाड फाईल, ही आमच्या चारही घरांची खूण आहे.

प्रमाणपत्र काढायला बरीच घरं कचरतात. "मुलावर शिक्का बसेल" असं वाटतं. त्याहून खोल एक भीती असते. ती उघड बोलत नाहीत, म्हणून आज आम्ही बोलतो. "मोठ्या मुलीच्या लग्नात अडचण येईल." या भीतीनं मुलं माडीवर ठेवली जातात, पाहुणे आले की आतल्या खोलीत नेली जातात. जे मूल चार माणसांत बसत नाही, ते चार माणसांत बसायला शिकणार कुठं? आणि स्थळांबद्दल म्हणाल, तर पहिल्या घरच्या थोरल्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं. बघायला आलेल्या मंडळींना धाकटीनं वॉकर घेऊन पोह्यांच्या बशा ठेवलेल्या टेबलापर्यंत नेलं. जी माणसं तिथून उठून गेली असती, ती उठून गेलेलीच बरी, असं घरच्यांनी आधीच ठरवलं होतं. ती उठली नाहीत.

आईवरच्या दोषाबद्दलही एक वाक्य. ग्रहणात विळी हाती धरली, डोहाळे पुरे झाले नाहीत, पूर्वजन्मीचं काही असेल, असं बाळंतिणीच्या कानावर पडतं. बाळाच्या ओठाचा किंवा मेंदूचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, विशेषतः सासूबाईंनी, ही चर्चा एकदा ठणकावून बंद केली, तर त्या आईची निम्मी शक्ती वाचते. ती शक्ती पुढं मुलाला लागणार असते.

हताश पालकांच्या दारात विक्रेतेही येतात. ताठ झालेले हातपाय जोर लावून ओढणारे मालिशवाले येतात. त्यानं लहान हाडांना इजा होऊ शकते. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन स्वमग्नता घालवण्याची जाहिरात येते. त्याची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. "तीन महिन्यांत बरा" असं जो म्हणतो, त्याच्याकडून निरोप घ्यावा. आमची पहिल्या घरची मुलगी बरी झाली नाही. ती चालायला शिकली. तिसऱ्या घरच्या मुलाचे शब्द अजून वीसेक आहेत. लवकर मदत मिळाली म्हणजे सगळं पुसलं जातं, असं आम्ही सांगणार नाही. पण तो हवं-नको सांगू शकतो, त्यामुळे रडून डोकं आपटणं थांबलं आहे, आणि घर रात्री झोपतं. हे ज्यांनी अनुभवलं नाही, त्यांना याची किंमत सांगणं कठीण आहे.

आपल्या आधी या वाटेनं गेलेली माणसं फार मोठी आहेत, त्यांचं स्मरण करू या. मुंबईत १९४४ साली वकील कुटुंबानं आपल्या दीना नावाच्या मुलीसाठी शाळा शोधली, मिळाली नाही, म्हणून स्वतः सुरू केली. ती जय वकील शाळा. मुंबईतच १९७२ साली मिठू अलूर यांनी आपली मुलगी मालिनी हिच्या निमित्तानं सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटीचं काम उभं केलं. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली, तीही घरच्या अनुभवातून. तेव्हा ना कायदा होता, ना योजना, ना जिल्ह्याला केंद्र. त्यांच्यासमोर दारच नव्हतं. आपल्यासमोर आहे, वेळेवर जाऊन ते ठोठावणं, एवढंच आपल्या वाट्याला आलं आहे. आणि आत माणूस नसेल, तर तो नेमावा म्हणून चार घरांनी मिळून अर्ज करणं. एकट्या घराचा अर्ज फायलीत जातो. मंडळाच्या लेटरहेडवरचा अर्ज जरा वर ठेवला जातो.

म्हणून शेवटी मंडळाकडे तीन मागण्या, भाविकांच्या हक्कानं. पहिली : दहा दिवसांतली एक सकाळ मांडवात वाढीच्या तपासणीसाठी ठेवावी. जिल्हा रुग्णालयाला पत्र द्यावं, आणि अंगणवाडीत न जाणाऱ्या आपल्या घरांतली पाच वर्षांखालची सगळी बाळं त्या दिवशी आणावीत. सगळीच आणावीत, म्हणजे कुणाला वेगळं वाटणार नाही. दुसरी : रोज एक तास दर्शन शांतपणे व्हावं. स्पीकर बंद, ढोल नाही, फिरते दिवे नाहीत. तिसऱ्या घरच्या मुलाला गणपती फार आवडतो. तो कागदावर सोंडा काढत बसतो. पण आवाजामुळे त्याला मांडवाच्या दारातून परत न्यावं लागतं. हा तास आपल्या ऐंशी वर्षांच्या आजी-आजोबांनाही मानवेल. तिसरी : मांडवाच्या पायरीला लाकडी उतार करावा. दोन फळ्यांचं काम आहे. वॉकर, व्हीलचेअर आणि बाबागाडी तिघांची सोय होईल.

आणि समोर बसलेल्या तरुण आई-बाबांना एवढंच सांगतो. कुणाच्या मनात आपल्या बाळाबद्दल काही शंका असेल, आणि हे ऐकताना ती पुन्हा वर आली असेल, तर आज रात्री ती एका कागदावर लिहा. काय दिसतं, कधीपासून दिसतं. जमल्यास दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात जा. एकट्यानं जायला अवघड वाटलं, तर कार्यक्रमानंतर आम्ही प्रसादाच्या टेबलापाशी आहोत. आमच्यापैकी एकजण तुमच्याबरोबर येईल, फाईल धरायला.



गणपती बाप्पा मोरया!